‘अगं’चं बटण

मी बनवलेल्या बाकी सगळ्या वेबसाइट मी लोकांना दाखवल्यात, पण एक कुणालाच दाखवली नाही. ती फक्त आमच्या परळच्या घरात चालते.

गेल्या वर्षी पप्पांना लकवा मारला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द फुटायचा नाही. त्यांच्यासाठी मी टॅबवर एक पेज बनवलं. त्यावर मोठी बटणं होती. पाणी, पंखा, दुखतंय, आई. दाबलं की माझ्या आवाजात तो शब्द ऐकू यायचा.

पप्पा सगळी बटणं वापरायचे, फक्त ‘आई’ नाही. तिला बोलवायचं असलं की पलंगावर हात आपटत बसायचे. मला वाटलं कोडमध्येच काहीतरी चुकलंय. शेवटी आईच म्हणाली, “प्राची, मी तुझी आई आहे. त्यांची नाही.”

“मग पप्पा तुला काय म्हणायचे?”

“नुसतं ‘अगं’ म्हणायचे.”

हे माझ्या आवाजात कसं चालेल? मी आईच्या फोनमधले पप्पांचे जुने व्हॉइस मेसेज ऐकत बसले. एकात ते हिंदमाताच्या साडीच्या दुकानातून विचारत होते, “अगं, निळी घेऊ की हिरवी?” त्यातलं ‘अगं’ तेवढं कापून मी बटणाला जोडलं.

दुसऱ्या दिवशी आई भाकऱ्या करत असताना पप्पांनी ते दाबलं.

“आले ओ,” आई सवयीनं म्हणाली, आणि तव्यासमोर तशीच थबकली. भाकरी करपायला लागली तरी तिला हलता येईना.

पप्पांनी पुन्हा बटण दाबलं.