प्रार्थनेतलं एक नाव

मार्थाबाई, मंडळीतले बंधूभगिनी, आणि पांढऱ्या टोप्या घालून आलेले गावातले पाहुणे हो,

मी भाषणाचा माणूस न्हाई. जिनिंगमधी कापूस तोलतो. काट्यावर दिसंल तेवढंच बोलायचं, ही माझी सवय. पण आज गप्प बसलो तर पुन्हा या देवळात तोंड उघडायचा हक्क मला राहणार न्हाई.

मार्थाबाई, तुमचे मालक, आपले पाळकसाहेब याकोबराव, परवा गेले. तुरुंगातून आले ते छाती पोखरूनच आले. निजामाचं राज्य गेलेलं त्यांनी खाटेवरून ऐकलं. त्यांना तुरुंगात कशापायी जावं लागलं, हे पाहुण्यांना माहीत न्हाई. आपल्याला माहीत हाय. म्हणून ते मी बोलणार.

आठवतं का, मंडळी? दर रविवारी प्रार्थनेत आपण निजामसाहेबांचं नाव घ्यायचो. त्यांना आयुष्य दे, राज्याला सुख दे. आपण आमेन म्हणायचो. त्यात कोणाला राजकारण दिसलं न्हाई. मंग आपल्या शाळेतल्या दानिएल मास्तरनं भर बाजारात तिरंगा धरला आणि त्याला धरून नेलं. तो बघा, खांबाजवळ बसलाय, मान खाली घालून. त्याची आई रूथबाई आम्हा वडिलांच्या, म्हंजी मंडळीच्या पंचांच्या, सभेपुढं आली. तिचं मागणं एकच. "रविवारी माझ्या लेकाचं नाव घ्या."

पयला मीच बोललो. म्हणलो, बाई, चर्चमधी राजकारण नको. 'बंदीत असलेल्यांसाठी' असं आपण म्हणतोच, त्यात दानिएल आला की.

ती म्हणली, "त्यात चोरबी आले. मला माझ्या लेकाचं नाव ऐकायचंय."

खरं सांगू? आम्ही भ्यालो होतो. इकडं रझाकार, तिकडं गाव म्हणणार, हे गोऱ्या साहेबाचे. आपण मूठभर लोक. कोणाचेच न्हवतो, म्हणून सगळ्यांनाच भ्यायचो. पण भ्यालो, असं कोणी कबूल केलं न्हाई. उलट शास्त्रातलं वचन काढून रूथबाईला दाखवलं. तिला वाचता येत न्हाई, तरीबी दाखवलं.

रविवारी प्रार्थनेत निजामसाहेबांचं नाव झालं, आणि त्याच सुरात पाळकसाहेब म्हणले, "प्रभू, आमचा दानिएल, रूथबाईचा लेक, तुरुंगात हाय. त्याला सांभाळ."

मंगळवारी निजामाच्या पोलिसातले अमीनसाहेब शिपाई घेऊन आले. एकेकाला विचारलं. कोणी म्हणलं, मी मागं बसल्तो. कोणी म्हणलं, लेकरू रडत होतं, ऐकू आलं न्हाई. मला विचारलं, "नाम लिया के नहीं?" मी म्हणलो, "जी, लिया." ख्रिस्ती माणूस खोटं कसं बोलंल? छाती पुढं काढून बोललो मी. तासाभरात पाळकसाहेबांना घेऊन गेले.

लई दिवसांनी भेटीची परवानगी मिळाली. मी जाळीपाशी उभा राहून माफी मागितली. ते हसले. म्हणले, "खरं बोललात, त्याची माफी कशाला? पण वडील, नाव मी घेतलं. आमेन कोणी म्हटलं, हे सांगितलं का अमीनसाहेबांना?"

न्हाई सांगितलं, मंडळी. आमेन तर सगळ्यांनी म्हटलं होतं. मीबी म्हटलं होतं, मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी आपण पंचवीस-तीस जण चावडीपुढं जाऊन उभे राहिलो असतो, तर सगळ्यांना नेलं असतं का? ठाऊक न्हाई. पण गेलो न्हाई, एवढं ठाऊक हाय. मी आयुष्यभर काट्यावर बसलो, आणि त्या दिवशी माप अर्धंच सांगितलं. रात्रंदिवस हेच खातंय मला.

आता काल आपल्या कमिटीनं शोकाचा ठराव लिहिला. मला वाचायला दिलाय. त्यात लिवलंय, "जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीने स्वातंत्र्याच्या लढ्यात पाळकसाहेबांच्या खांद्याला खांदा लावला." पाहुण्यांना हे ऐकून बरं वाटंल. आपली इज्जतबी वाढंल. नवं राज्य आलंय, आपल्यालाबी राहायचंय त्यात. समजतं मला. पण काल निजामाच्या नावाला आमेन, आज तिरंग्याला आमेन, आणि मधल्या काळात जो एकटा पडला त्याच्या खांद्याला आपला खांदा? हे मी वाचणार न्हाई.

मी एक दुरुस्ती सुचवतो. "मंडळीने आमेन म्हटलं आणि पाळकसाहेबांना एकटं जाऊ दिलं." एवढंच लिहा.

पाळकसाहेब, तुम्हाला शेवटचा सलाम. उशीर झाला.

ज्यांना ही दुरुस्ती मान्य हाय, त्यांनी उठून उभं राहावं आणि दोन मिनिटं शांत राहावं. ज्यांना मान्य न्हाई, त्यांनी खुशाल बसावं.

रूथबाई, मार्थाबाई, तुम्ही दोघी मात्र बसूनच राहा. उभं राहायचं हाय ते आम्हाला.