लाइट बटरचा डबा

मुरगळलेला पाय दवाखान्यातल्या बाकावर पसरून नववीतली एक मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली होती, पण कान मात्र सगळे शेजारी बसलेल्या काका-काकूंकडे!

"महिनाभर ते लाइट बटर खाल्लं, तरी वजन दीड किलो वाढलं? गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं डॉक्टरांनी!" काकू वैतागल्या.

"काट्यातच गडबड असेल."

"अहो, इकडे बघून बोला."

"अगं, त्या डब्यात... साधंच बटर होतं."

"काय?"

"दोन दिवस तू पाव अर्धा टाकून उठलीस. मला बघवेना. मग मीच डब्यातलं बदललं. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, आता कशी चव जमली!"

"आणि मी वेडी कॅलरी कमी म्हणून दोन-दोन थर लावतेय! त्यापेक्षा पावाला नुसतं दही लावून खाल्लं असतं. विचारायचं तरी मला!"

"तुझ्यासाठीच केलं ना."

"माझ्यासाठी? रोज जिना बसत-बसत कोण उतरतं? तुम्ही?"

नव्या तारखेसाठी काउंटरवरून त्यांचा नंबर पुकारला. काकांनी चटकन आधाराला हात पुढे केला.

"राहू द्या. गुडघे माझे आहेत."

काकू तिसऱ्या प्रयत्नात उठल्या.