पान बेचाळीसवरचं गाव

जिल्हा कचेरीच्या रांगेत माझा नंबर दुसरा होता. पुढे एक बाई, हातात जिल्ह्याची जुनी माहितीपुस्तिका. खिडकीत निवृत्तीला टेकलेले कारकून.

“भाऊसाहेब, ही पुस्तिका तुम्हीच लिहिलीत ना?”

“तीस वर्षं झाली त्याला. का?”

“पान बेचाळीस. आमच्या गावाची एक नोंद राहिली आहे.”

“बघू. अहो बाई, हे गाव नाहीच मुळी! पान अर्धं रिकामं राहत होतं, साहेब डोक्यावर बसले होते. दिलं ठोकून. अकरा घरं, एक विहीर, एक शाळा.”

“विहिरीला पाणी छान आहे हो.”

“म्हाताऱ्याची थट्टा करता?”

“छे! शाळाही चांगली चालते. आमची तक्रार काहीच नाही. फक्त स्मशान लिहायचं राहिलं तुमच्याकडून.”

“स्मशान?”

“बाकी सगळ्या गावांपुढे लिहिलंय, आमच्यापुढेच नाही. माझ्या सासूबाई एकशे बारा वर्षांच्या आहेत. एकवीस वर्षं अंथरुणाला खिळल्यात. रोज सकाळी विचारतात, सूनबाई, कचेरीत जाऊन आलीस का गं?”

कारकुनांनी पुस्तिका आपल्याकडे ओढली. मग पेनाचं टोपण निघालं.

“जागा किती लिहू?”

“सढळ हाताने लिहा. तीस वर्षांत आमचं एकही माणूस गेलेलं नाही.”

“आणि गावापासून अंतर?”

“जवळच लिहा, भाऊसाहेब. बरेचजण चालतच जाणार आहेत.”