सुट्टीच्या दिवशी मोजलेला थांबा

जमलेल्या सगळ्यांना हात जोडते. मला भाषण येत नाही. नागापूरच्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे. पहिल्या पाळीच्या बायकांनी पुढं ढकललं, म्हणून उभी राहिले. रडणार नाही. किळस आलीय मला, ती बोलून बसते.

आपले भानुदासमामा एसटीत कंट्रोलर होते. रिटायर झाले तरी रोज सकाळी आमच्या थांब्यावर यायचे. सगळ्या बायका गाडीत चढल्याशिवाय घरी जायचे नाहीत.

मग आपल्या शहरात परदेशी संघांची कबड्डी स्पर्धा ठरली. वाहतुकीचा आराखडा करायला भरपूर निधी आला. नुसता आराखडा, बरं का! रस्ता नाही, गाडी नाही. आराखडा करणाऱ्या कंपनीची माणसं आमच्या थांब्यावर प्रवासी मोजायला आली. कधी आली? कारखान्यांच्या आठवड्याच्या सुट्टीला! रविवार नव्हता, म्हणून त्यांना वाटलं कामाचा दिवस. थांब्यावर एक कुत्रं झोपलं होतं. त्यांनी लिहून टाकलं, इथं प्रवासी नाहीत. थांबा बंद. गाडी महामार्गाच्या पलीकडून, खेळाडूंच्या हॉटेलावरून वळवली.

मामा आराखडा मंजूर करणाऱ्या साहेबांकडं गेले. मी सोबत होते. म्हणाले, "साहेब, तुमी सुट्टीला मोजलंय. उद्या या, पाय ठिवायला जागा न्हाई." साहेब काय म्हणाले? "काका, अहवाल मंजूर झालाय. परत मोजायला निधी नाही."

निधी नाही! चकचकीत पुस्तकं छापायला होता. हॉटेलात बैठका घ्यायला होता. एक सकाळ परत मोजायला नव्हता. शी! लाज कशी वाटत नाही?

तेव्हापासून आम्ही रोज महामार्ग ओलांडतो. मामा मधोमध उभे राहायचे, हात आडवा करून. "चला गं पोरींनो, पळू नका, मी हाय." गेल्या सोमवारी कंटेनर त्या हाताला थांबला नाही. आम्ही सगळ्या पलीकडं पोचलो होतो. मामा नाही पोचले.

साहेब आज पुढच्या खुर्चीत बसलेत. मोठा हार आणलाय. मघाशी मला म्हणाले, थांब्याला मामांचं नाव देऊ. कुठल्या थांब्याला, साहेब? तो तर तुम्ही बंद केलात. नाव राहू द्या. गाडी आणा.

मामा, आमचा शेवटचा नमस्कार घ्या.

चला, दोन मिनिटं शांत उभे राहू. सगळ्यांनी उठा. साहेब, तुम्ही बसूनच राहा.