पानिपतच्या चादरी, नोएडाची गादी

स्वरूपा: (फोनवर, चादरींच्या गठ्ठ्यांआड उभी राहून, हळू आवाजात) समर्थ, मी नाही सांगणार हं! आई तुझी आहे यार. लग्न तीन आठवड्यांवर आलंय, आपण नोएडाला वेगळा फ्लॅट भाड्यानं घेतलाय, आणि काकूंना पत्ताच नाही! त्या मला पानिपतला घेऊन आल्यात, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या घरी तुझ्या खोलीतल्या पलंगाला चादरी घ्यायला. तो पलंग चार बाय सहा, आणि आपला नोएडाचा किंग साइज! दुकानदारानं साइज विचारली की मी काय बोलू? ... ‘तू बघ ना’ म्हणजे काय? डरपोक कुठला! ठेवते, काकू बोलावतायत.

इंदुमती: अगं, कुठं गायब झालीस? ये, हात लाव याला.

स्वरूपा: अय्या, किती सिल्की आहे काकू! बिल्कुल हॉटेलसारखी. आणि चमक बघा ना.

दुकानदार: थाउजेंड थ्रेड काउंट है जी. एक इंच में पूरा हज़ार धागा. नई बहू के लिए इससे ऊपर कुछ नहीं.

इंदुमती: हजार? भैया, एक इंच में हजार धागा घुसेगा कहाँ से? स्वरूपा, पर्स धर जरा. हं, हे घे.

स्वरूपा: हे काय? मायक्रोस्कोप?

इंदुमती: धागे मोजायचं भिंग. माझ्या बाबांचं. इचलकरंजीला जॉबर होते, अख्खा जन्म यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेला. पाव इंचाची खिडकी आहे बघ त्याला. लाव डोळा आणि मोज.

स्वरूपा: एकवीस, बावीस... काकू, सगळे धागे पळतायत!

इंदुमती: धागे नाही पळत, तुझं लक्ष पळतंय. सकाळपासून बघतेय, वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठासुद्धा अर्धा टाकलास. सरक, मी बघते. हं. वाटलंच. भैया, तीन-तीन पतला धागा इकट्ठा डाला है और तीनों को अलग-अलग गिना है. है ना?

दुकानदार: अब मैडम... कंपनी जो लिखती है, हम वही बोलते हैं.

इंदुमती: कंपनी को दिल्ली की गरमी में इस पर सोना नहीं है. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! स्वरूपा, ही चमक कशाची माहितीये? धागा तीन धाग्यांवरून उडी मारतो, मग एकदा खाली जातो. म्हणून गुळगुळीत लागतं. पण जूनमध्ये लाइट गेली की हीच चादर पाठीला चिकटते. भैया, परकेल दिखाओ. सादा वाला, बिना चमक का.

दुकानदार: परकेल तो मैडम अंदर रखा है. उसे माँगता कौन है! छोटू... अरे रहने दे, मैं ही लाता हूँ.

स्वरूपा: काकू, ही तर कडक आहे. कागदासारखी वाजते.

इंदुमती: वाजायलाच हवी. एक धागा वर, एक खाली, शेवटपर्यंत. लपवाछपवी नाही. ट्यूबलाइटसमोर धर. बारीक जाळी सगळीकडे सारखी दिसते ना? कुठं जाड गाठ, कुठं विरळ, असं नको. आता नखानं खरवड. पांढरी भुकटी निघाली तर समजायचं, नुसती खळ चोपडलीये.

स्वरूपा: नाही निघाली.

इंदुमती: आणि भिंगातून... उभे तीस, आडवे पंचवीस. मिळव आणि चारनं गुण.

स्वरूपा: दोनशे वीस. बस्स? कुठं हजार आणि कुठं दोनशे वीस!

इंदुमती: दोनशे वीस, पण खरे. आज कडक लागेल. वीस वेळा धुतलीस की अशी मऊ होईल की दुसरी अंगाखाली घेणार नाहीस.

स्वरूपा: म्हणजे तुमच्यासारखी.

इंदुमती: चावट! मला किती वेळा धुतलंत गं तुम्ही?

दुकानदार: मैडम, आप तो हमारी ही लाइन की निकलीं. चार जोड़ी निकालूँ? साइज़ बता दीजिए बस.

स्वरूपा: एक मिनिट भैया! काकू... साइज सांगायच्या आधी मला काही बोलायचंय. प्लीज रागवू नका. म्हणजे रागवा, पण पूर्ण ऐकून घ्या. मी आणि समर्थनं...

इंदुमती: बहात्तर बाय अठ्ठ्याहत्तर, भैया. गद्दा दस इंच मोटा. और धोने में सिकुड़ेगा, तो चारों तरफ से चार उंगल ज़्यादा देना.

स्वरूपा: अं? हे तर आमच्या नोएडाच्या पलंगाचं माप!

इंदुमती: तोंड मिट गं, सुताचे तंतू उडतायत इथे.

स्वरूपा: काकू, हे माप तुम्हाला कुणी सांगितलं?

इंदुमती: गादीवाल्यानं! मागच्या मंगळवारी दुपारी फोन आला, ‘मैडम, नोएडा में आपके गेट पर खड़ा हूँ, किंग साइज़ गद्दा है, ओटीपी बोलिए.’ तुझ्या नवऱ्याच्या दुधापासून कॉलेजच्या फॉर्मपर्यंत सगळ्याला माझा नंबर. घर वेगळं केलं पठ्ठ्यानं, नंबर बदलायचं सुचलं नाही!

स्वरूपा: हे देवा! मग? तुम्ही काय केलंत?

इंदुमती: काय करणार? दिला ओटीपी. भर उन्हात तो बिचारा केवढी मोठी गादी घेऊन उभा होता.

स्वरूपा: तुम्ही बोलला का नाहीत? मी इथे टेन्शननं मरतेय सकाळपासून!

इंदुमती: तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. समर्थ सांगणार नाही हे माहीत होतं, तो बापावर गेलाय. आमच्या गुलाबरावांनी बदलीची ऑर्डर आठ दिवस खिशात ठेवली होती एकदा. म्हटलं, ही तरी बोलते का बघू. म्हणून तर तुला एकटीला आणलं.

स्वरूपा: वाईट वाटलं तुम्हाला?

इंदुमती: वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या दुपारी जेवले नाही मी.

स्वरूपा: काकू...

इंदुमती: रडू नकोस, पाच वाजता भूक लागली, मग भरपूर जेवले. अगं, मला कळतं. दोघांची ऑफिसं नोएडाला, रोज तीन तास रस्त्यात घालवून तुम्ही घरी येणार नुसते झोपायला. आणि लक्ष्मीबाई नगरचं ते सरकारी क्वार्टर तरी आमचं कुठंय? दोन वर्षांत हे रिटायर झाले की आम्हालाही सामान आवरायचंय. घर वेगळं केल्याचा राग नाही गं. लपवलंत, त्याचा आला.

स्वरूपा: सॉरी. खरंच सॉरी. यापुढे काहीही झालं तरी आधी तुम्हाला सांगेन. अगदी भांडलो तरी.

इंदुमती: भांडण नको सांगूस, त्यात मी पोराचीच बाजू घेईन. बाकी सगळं सांग. डोळे पूस, नव्या चादरीला नको पुसूस! भैया, चार जोड़ी किंग साइज़. तकिए के खोल भी इसी कपड़े के. अभ्रे म्हणतात त्याला, शीक जरा.

स्वरूपा: अभ्रे. बिल्कुल लक्षात ठेवते.

इंदुमती: और भैया, एक सिंगल भी दे दो. यही परकेल, आसमानी रंग में.

स्वरूपा: सिंगल कुणाला? काकू, आमच्याकडे सिंगल बेड नाहीये.

इंदुमती: मग मागवा की एक, मी राहायला आले की झोपू कुठं? ओटीपी मी देते.