तालुकदाराचा हत्ती

जमनाबाई : हळू बोल, सालेहा. दार लोटलंय, पण माझ्या नातीचे कान लई तिखट हायेत.

सालेहा : सकाळी दवाखान्यातून आल्यापासून तुमचं तोंड बघून राह्यले, बाईजी. शेजारणीपासून काय लपवता? काय म्हणले डॉक्टर?

जमनाबाई : घरी न्या म्हणले. आता सुया न्हाई, तपासण्या न्हाई. तिला जे आवडतं ते करा, म्हणले.

सालेहा : या अल्लाह.

जमनाबाई : पोर जाणार अन् मी म्हातारी मागं राहणार. कुणाला जाब विचारू? तिला सांगितलं न्हाई. तिचा बाप म्हणला, बिलकुल कळू देऊ नका.

सालेहा : तिला आवडतं ते मी आणलंय. जासूस बायांच्या पुस्तकाचा नवा भाग. स्टेशनजवळच्या दुकानात कालच आल्ता.

जमनाबाई : उचल ते. माझ्या हातात देऊ नको.

सालेहा : मागच्या भागाला तुम्ही दोघी एवढ्या हसत होत्या, की मी शिलाई मशीन सोडून बघायला आल्ते.

जमनाबाई : जैन स्थानकात महाराजसाहेबांसमोर पच्चक्खाण घेतलंय मी, सोडायचा नियम. रितिका चालायला लागेपर्यंत गोष्टीचं पुस्तक हातात धरणार न्हाई. लोक गोड सोडतात. माझं गोड शुगरनं आधीच सोडवलंय. जिवाला लागेल असं हेच एक राह्यल्तं.

सालेहा : तिला माहीत हाय?

जमनाबाई : तिच्यासमोरच बोलले. तू उठ, मंग मागच्या भागातल्या हत्तीचं बघू, म्हणलं. आता नियम मोडला की आस बी संपली, सालेहा. कसा मोडू?

रितिका : दादी, चाची आल्यात ना? पुस्तक आलं का?

(दोघी आत रितिकाच्या पलंगाजवळ येतात.)

रितिका : चाची, तुम्ही तरी वाचा. तालुकदाराचा हत्ती कुलूपबंद आवारातून गेलाच कसा? निजामानं दोघी जासूसांना बोलावलंय. गोदाक्का निघाली असेल तपकीर ओढत, आणि महताबी बैलगाडीत बसल्या बसल्या झोपली असेल.

सालेहा : बेटा, माझी शाळा उर्दूची. मी मराठी अक्षर जुळवत बसले, तर तो हत्ती म्हातारा होईल.

रितिका : मग दादीच पाहिजे. दादी, चोर माहूत नाही, सांगून ठेवते. सगळीकडे अत्तर कोण शिंपडत होतं? हत्तीचा वास कुणाला लपवायचा होता?

जमनाबाई : तू बरी हो, मंग बघू.

रितिका : आणि नाही झाले तर?

जमनाबाई : असं बोलू न्हाई, रितू.

रितिका : तर मला कळणारच नाही ना, कोणी नेला.

सालेहा : बाईजी, मी वाचते. अडखळत का होईना. तुम्ही जरा बाहेर बसा.

जमनाबाई : न्हाई. दे ते इकडं. अन् खिडकीतला चष्मा दे.

सालेहा : बाईजी, तुमचा नियम...

जमनाबाई : जल्दी दे, सालेहा. हां. "गोदाक्कानं डबी उघडली, चिमूट नाकाला लावली आणि म्हणाली, हा माणूस खोटं बोलतोय, कारण हत्तीला लाडू..."

रितिका : थांब, दादी.

जमनाबाई : काय गं?

रितिका : मी चालेपर्यंत तू पुस्तक धरणार नव्हतीस. मी चालले नाही, आणि तू धरलंस.

जमनाबाई : अगं, ते आपलं...

रितिका : डॉक्टरांनी सांगितलं ना तुला?

सालेहा : बेटा, मी चहा टाकते.

रितिका : चाची, थांबा. दादीजवळ बसा. तिला एकटीला ठेवू नका.

जमनाबाई : माफ कर गं मला. मी काही मोठं सोडायला पाहिजे होतं. हे लई लहान पडलं.

रितिका : लहान नव्हतं, दादी. मला माहितीय.

जमनाबाई : आता रोज एक प्रकरण वाचू. बराबर? जाड पुस्तक हाय. लई दिवस पुरंल.

रितिका : नको. आधी शेवटचं वाच. मग वेळ उरला तर सुरुवातीपासून.