पंधरा पावलं पुढे

माईक जरा खाली करा हो कोणीतरी. हां, बास. मी काही कोचसाहेबांएवढा उंच नाही.

आजच्या समारंभाचे आणि आपल्या क्लबचेही अध्यक्ष असलेले आदरणीय साहेब, वेळात वेळ काढून आलेले लीगचे सन्माननीय सचिव, आमचे कोचसाहेब, ज्याला निरोप द्यायला आपण जमलोय तो आमचा गोलकीपर, म्हणजे आपला कुलूप, त्याच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि समोर बसलेले खेळाडू, मैदानाचे माळी, कपडे धुणारे, तिकीट खिडकीवाले आणि हरलो तरी पुढच्या शनिवारी पुन्हा येऊन बसणारे आपले पाठीराखे, सगळ्यांना माझा नमस्कार.

साहेबांनी माझी ओळख 'क्लबचे ज्येष्ठ सेवक' अशी करून दिली. बरं वाटलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच कानावर पडलं. साध्या भाषेत मी मालिशवाला. पोटऱ्या चोळायच्या, घोट्यांना पट्ट्या बांधायच्या आणि मैदानात कोणी आडवा झाला की पाण्याची बाटली घेऊन धावायचं. सगळे मला मामा म्हणतात. भाषण मी जन्मात केलेलं नाही. मला दोन शब्द बोला म्हणालेत, पण दोनात भागायचं नाही. घड्याळाकडे बघू नका.

मघाशी सगळे या हंगामाबद्दल फार छान बोलले. झुंज, जिद्द, इतिहास! मला आठवतो तो हंगाम असा. चौतीस सामने, त्यातल्या पहिल्या अकरात आम्ही सात हरलो. शेवटचे दोन संघ खालच्या विभागात जातात आणि त्या दोघांत आम्ही कायमचे मुक्कामाला. बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं. कोचसाहेबांनी पानं चघळल्यासारखी नखं चघळली, हसू नका, खरं सांगतोय. त्यात दुसऱ्या गोलकीपरचं सरावात मनगट मोडलं, आणि तिसरा या लीगमध्ये एक मिनिटही उभा राहिलेला नव्हता. उरला एकटा कुलूप. हे नाव त्याला प्रेक्षकांनी दिलं. गोलाला कुलूप लागलं रे, असं ओरडायचे.

आता जरा डॉक्टरबाईंबद्दल बोलायचंय.

का? एकदम एवढी शांतता का झाली? अध्यक्षसाहेब आत्ताच म्हणाले की 'वैद्यकीय बाजूने हलगर्जीपणा झाला, त्याचा क्लबला खेद आहे.' नाव त्यांनी घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. व्यासपीठावर बाईंची खुर्ची नाही. निमंत्रणही नव्हतं. तरी त्या आल्यात. त्या बघा, शेवटच्या रांगेत, दाराजवळ. बाई, उठू नका. माझं होईपर्यंत बसा. बावीस वर्षं आपण एका बाकावर बसलोय, अजून पाच मिनिटं बसा.

सोमवारी लीगच्या समितीपुढे त्यांची सुनावणी आहे. डोक्याला मार बसलेल्या माणसाला त्यांनी खेळू दिलं, हा आरोप. शाबित झाला तर त्यांची डॉक्टरकी जाईल. सचिवसाहेब, तुम्हीच त्या समितीवर आहात, म्हणून म्हणतो, कान देऊन ऐका.

नियम असा आहे. डोक्याला लागलं की डॉक्टरने मैदानातच तीन प्रश्न विचारायचे. स्कोअर किती? पहिल्या हाफमध्ये आपण कुठल्या बाजूला गोल करत होतो? गेला सामना कोणाशी झाला? एक जरी चुकला तरी खेळाडू बाहेर. प्रश्न ठरलेले, लीगनेच छापून दिलेले. बाईंचे गुडघे दुखतात, हातात ती जडशीळ बॅग. मी पडलो धावण्यातला. त्यामुळे मी नेहमी त्यांच्या पंधरा पावलं पुढे असायचो.

बाराव्या सामन्यात एका कॉर्नरला कुलूपचं डोकं खांबावर आदळलं. मी पोचलो, तोंडावर पाणी मारलं. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "मामा, स्कोअर किती रे?" मी म्हटलं, "एक-एक." आपल्याला कोणी वेळ विचारली तर आपण सांगतोच की! तेवढ्याच सहजपणे सांगितलं. मागून बाई आल्या, त्यांनी विचारलं, तो म्हणाला, एक-एक. बाकीची दोन त्याने स्वतः सांगितली. सामन्यानंतर मला डोळा मारून म्हणाला, "मामा, पेपर फोडलास." आम्ही दोघं पोट धरून हसलो. हो, हसलो! आज सांगताना लाज वाटते.

पंचविसाव्या सामन्यात पुन्हा लागलं. या वेळी त्याने काही विचारलं नाही, मीच सांगितलं. तिन्ही उत्तरं. पाणी मारता मारता, कानाला तोंड लावून.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. ना कोचसाहेबांनी, ना अध्यक्षसाहेबांनी. त्यांच्यावर ढकलायला मी उभा नाही. मला एवढंच दिसत होतं की हा बाहेर गेला तर आम्ही खाली गेलो, आणि आम्ही खाली गेलो तर या क्लबमधली अर्धी माणसं घरी बसणार, त्यात मी पहिला. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? भीती वाटली. दुसरं काही नाही.

आणि मग शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी वाचणार होतो. एकोणसत्तराव्या मिनिटाला त्यांचा पुढचा खेळाडू आणि कुलूप एकाच चेंडूवर झेपावले, आणि त्याचा गुडघा याच्या कानशिलात बसला. तो आवाज मला बाकावर ऐकू आला. मी धावलो. त्याचे डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मी उत्तरं सांगितली. पुन्हा सांगितली. शून्य-शून्य, घड्याळाची बाजू, निळ्या जर्सीवाले. शून्य-शून्य, घड्याळाची बाजू, निळ्या जर्सीवाले.

बाई आल्या. त्यांनी या खेपेला शेवटचा प्रश्न आधी विचारला. गेला सामना कोणाशी झाला? तो म्हणाला, "शून्य-शून्य."

बाईंनी बदली खेळाडूसाठी हात वर केला होता, सचिवसाहेब. अर्धा वर केला होता, मी पाहिला. मी हसलो. म्हटलं, "अहो बाई, चेष्टा करतोय तो तुमची, नेहमीचाच वात्रट आहे." आणि त्याच्या तोंडावर पाणी ओतता ओतता परत कानात सांगितलं, या वेळी उलट्या क्रमाने. बाईंनी पुन्हा विचारलं. तिन्ही उत्तरं बरोबर आली. तरी त्या घुटमळल्या. मला म्हणाल्या, "मामा, तुम्ही त्याला रोज बघता. ठीक आहे ना हा?"

मी म्हटलं, "ठणठणीत."

त्यांनी हात खाली घेतला. बावीस वर्षांचा विश्वास होता त्यांचा माझ्यावर.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी, कुलूपने उजवीकडे झेप घेऊन अडवली, आपण वाचलो, लोक मैदानात घुसले. त्या उडीचा फोटो बाहेर भिंतीवर दारापेक्षा मोठा लावलाय. फोटोत नाही ते मी सांगतो. आत ड्रेसिंग रूममध्ये सगळे बाकांवर चढून नाचत होते आणि हा कोपऱ्यात बसून हातमोजे चढवत होता. मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "मामा, सामना किती वाजता सुरू होणार?"

एकतीस वर्षांचा आहे हो तो.

या गोष्टीला तीन महिने झाले. वहिनी, तुमच्या घरी मी दर रविवारी येतोय. तुम्ही सांगितलंत, दिवसातून चार-पाच वेळा विचारतो, सामना किती वाजता? तुम्ही म्हणता, आज सुट्टी आहे, की खूश होऊन झोपतो. उजेड सहन होत नाही म्हणून दुपारी पडदे ओढलेले. लेकीला बाहुलीच्या नावाने हाक मारतो आणि ती पोरगी निमूट ओ देते. डॉक्टरबाई भेटायला आल्या तेव्हा तुम्ही त्यांच्या तोंडावर दार लावलंत. मी तेव्हा आतच बसलो होतो, वहिनी. हातात तुम्ही दिलेला चहा होता. तो मी पूर्ण प्यायलो. दार माझ्या तोंडावर लावायचं होतं. आज लावा, उद्या लावा, मी काही बोलणार नाही.

कोणीतरी मागून म्हणालं, पुरे करा. करतोच. सचिवसाहेब, सोमवारी मी येतो. बोलावलं नाहीत तरी येतो. बाईंनी सामन्याच्या अहवालात जे लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. उत्तरं बरोबर आली होती. फक्त ती त्याची नव्हती.

आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे सत्काराला उत्तर द्यायला कुलूप उठेल. मघाशी पडद्यामागे त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "मामा, मी उभा राहिलो की मागे थांब, आणि या लोकांची नावं सांगत जा." मी हो म्हटलं होतं. सव्वीस वर्षांची सवय आहे, तोंडातून हो निघून गेलं.

पण नाही, बाळा. आज मी मागे उभा राहणार नाही. मी खाली जाऊन बाईंच्या शेजारी बसतो, त्यांनी बसू दिलं तर. तू उभा राहा. कोणाचं नाव आठवलं नाही, आपण कुठे आहोत ते आठवलं नाही, तर सरळ म्हण की मला आठवत नाही. लोक थांबतील. थांबायलाच हवं त्यांनी. त्या दिवशी तुला एवढंच तर म्हणायचं होतं, आणि ते मी तुला म्हणू दिलं नाही.

संयोजकांनी बोलायला दिलं, आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर अडाणी माणूस समजून तेवढ्याची माफी करा. बाकीची मी मागत नाही.